प्रकाशाची भाषा

प्रस्तावना

संध्याकाळच्या उन्हात ठेवलेली तांब्याची कळशी तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? तिच्या फुगीर पोटावर एका जागी सूर्य ठिपक्यासारखा चमकतो, बाजूला तांबूस झळाळी पसरते आणि उलट बाजू हळूहळू काळोखात विरून जाते. शेजारी मातीचा माठ असेल, तर त्याच्यावरही तेच ऊन पडलेले असते. पण माठ चमकत नाही. तो ते ऊन मऊपणे अंगावर पसरू देतो. प्रकाश एकच, परंतु प्रत्येक वस्तू त्याला निराळे उत्तर देते.

चित्रकार हे निराळेपण कुंचल्याने टिपतो. पण ज्याला केवळ आकडे समजतात, त्या संगणकाने ते कसे टिपावे? आणि ते टिपण्यासाठी लागणारी कोट्यवधी गणिते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत कशी करावीत? या दोन प्रश्नांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पॅट हॅनराहन यांच्या संशोधनाचा परिचय या पाठातून आपण करून घेणार आहोत. हा पाठ माहितीपर लेखनाचा नमुना आहे. अवघड शास्त्रीय विषय रोजच्या अनुभवातील दाखल्यांनी कसा मांडता येतो, हेही वाचताना लक्षात घ्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• संगणकाच्या पडद्यावरील चित्र कसे घडते, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• समांतर संगणनाची कल्पना आणि तिची मर्यादा उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• पॅट हॅनराहन यांच्या संशोधनाचे महत्त्व विशद करू शकाल;
• माहितीपर लेखातील मुख्य विचार आणि त्याला आधार देणारे तपशील वेगळे करू शकाल;
• शास्त्रीय मराठीतील सामासिक व पारिभाषिक शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. ठिपक्यांचे चित्र

अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपक्यांच्या ओळी मांडल्या जातात आणि मग त्यांतून कमळ किंवा मोर उमलतो. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही ठिपक्यांचेच असते. या ठिपक्यांना पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. फरक इतकाच, की येथे ठिपके जोडायचे नसतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा असतो. ठिपके इतके बारीक व दाट असतात, की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत.

एखाद्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतील, तर त्यांची एकूण संख्या २० लाख ७३ हजार ६०० होते. खेळातील चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे ठरवले, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक वेळा रंग ठरवावा लागतो. शिवाय एका चित्रबिंदूचा रंग ठरवणे म्हणजे एकच बेरीज नव्हे. तेथे कोणती वस्तू दिसते, तिचा पृष्ठभाग कोणत्या दिशेला कललेला आहे, दिवा कोठे आहे, पाहणारा कोठे उभा आहे, मध्ये कशाची सावली आडवी येते का, अशा अनेक गोष्टींचा हिशेब मांडल्यावरच तो रंग निश्चित होतो.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. पहिला प्रश्न वर्णनाचा आहे : अमुक वस्तू प्रकाशाला कसे उत्तर देते, हे यंत्राला सांगायचे कोणत्या भाषेत? दुसरा प्रश्न वेगाचा आहे : इतके गणित वेळेत उरकायचे कसे? हॅनराहन यांनी आरंभ पहिल्या प्रश्नापासून केला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता ते दुसऱ्या प्रश्नाच्या गाभ्याशी पोहोचले.

२. वाट बदललेला विद्यार्थी

हॅनराहन यांचे शिक्षण अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले. १९७७ साली त्यांनी अणुअभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९८५ साली जीवभौतिकी या विषयात डॉक्टरेट मिळवली. दोन्ही विषय वरवर पाहता संगणकाच्या चित्रांपासून दूरचे वाटतात. तरीही शिकलेले सहसा वाया जात नाही. पदार्थात शिरलेले कण कोठे शोषले जातात, कोठे आदळून विखुरतात आणि किती बाहेर पडतात, हा अणुविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. मेणबत्तीत, दुधात किंवा माणसाच्या त्वचेत शिरलेल्या प्रकाशाबद्दलही तोच प्रश्न विचारावा लागतो.

संगणकीय चित्रांच्या आवडीने ते या क्षेत्राकडे वळले. १९८६ साली पिक्सार ही संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली, तेव्हा तिच्या अगदी सुरुवातीच्या सहकाऱ्यांमध्ये हॅनराहन होते. पुढे त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात आणि त्यानंतर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केले.

पाठगत प्रश्न १
(अ) पडद्यावरील चित्राची रांगोळीशी तुलना लेखकाने कोणत्या साम्यामुळे केली आहे?
(आ) हॅनराहन यांनी डॉक्टरेट कोणत्या विषयात मिळवली?

३. छटांना शब्द मिळाले

त्या काळातील बहुतेक चित्रप्रणालींत प्रकाशाची सूत्रे आधीच पक्की करून ठेवलेली असत. वापरणाऱ्याने फक्त काही आकडे भरायचे : रंग कोणता, चकाकी किती, पारदर्शकता किती. ठरीव नमुन्याच्या अर्जासारखाच हा प्रकार होता. अर्जात ज्याला रकाना नाही, ते सांगण्याची सोय नाही. परिणामी लाकूड, कातडे, लोखंड, सारेच काहीसे प्लास्टिकचे वाटे. गंज चढलेल्या कडीचा खडबडीतपणा कोणत्या रकान्यात लिहायचा?

१९८४ साली रॉब कुक या शास्त्रज्ञाने सुचवले, की रंगाचे गणित एकाच सूत्रात न बांधता लहान लहान क्रिया झाडाच्या फांद्यांप्रमाणे जोडून तयार करावे. हॅनराहन यांनी ही कल्पना पुढे नेली. पिक्सारच्या रेंडरमॅन या चित्रप्रणालीच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता आणि तिच्यासाठी त्यांनी छटालेखनाची एक स्वतंत्र भाषाच घडवली. जिम लॉसन यांच्यासह लिहिलेला त्या भाषेवरील शोधनिबंध १९९० साली प्रसिद्ध झाला.

या भाषेत लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीला शेडर म्हणतात. आपण तांब्याच्या कळशीसाठी शेडर लिहितो आहोत, अशी कल्पना करा. त्यात आपण सांगू : मूळ रंग तांबूस, पृष्ठभाग जेथे दिवा आणि पाहणारा यांच्या मधोमध तोंड करून असेल तेथे चकाकी, जेथे पोचा आला असेल तेथे पृष्ठभागाची दिशा किंचित बदललेली, आणि गळ्याच्या खाचेत, जेथे घासणारा हात पोहोचत नाही तेथे, हिरवट काळपट थर. ठरीव रकान्यांची आता गरज उरत नाही. जे डोळ्याला दिसते आणि नेमके सांगता येते, ते लिहिता येते.

या भाषेचा एक गुण विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शेडर लिहिणारा पृष्ठभागावरील एकाच बिंदूचा विचार करतो. 'या बिंदूपाशी प्रकाश असा पडला, तर रंग कोणता?' एवढेच तो सांगतो. ती सूचना लाखो बिंदूंवर राबवण्याचे काम प्रणालीचे. एका बिंदूचे उत्तर काढण्यासाठी शेजारच्या बिंदूच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. हा साधा वाटणारा गुण पुढे किती मोलाचा ठरला, ते आपण पाहणारच आहोत.

१९९३ साली रेंडरमॅनच्या निर्मितीबद्दल हॅनराहन आणि त्यांचे सहकारी यांना अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा चित्रपट याच प्रणालीने साकारला. पूर्ण लांबीचा आणि सर्वस्वी संगणकावर घडवलेला तो पहिला चित्रपट होय. त्यातील पात्रे प्रामुख्याने खेळणी होती. माणसाची त्वचा हुबेहूब दाखवणे मात्र अवघड होते, कारण प्रकाश त्वचेवरून केवळ परतत नाही. तो थोडा आत शिरतो, विखुरतो आणि जरा दूरच्या जागेतून बाहेर येतो. विजेरीच्या प्रकाशाआड बोटे धरली, की ती लालसर दिसतात ती यामुळेच. १९९३ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये हॅनराहन यांनी सहकाऱ्यांसमवेत या घटनेची गणिती मांडणी केली. त्यानंतर संगणकातील चेहऱ्यांवरचा मेणचट निर्जीवपणा हळूहळू नाहीसा होऊ लागला.

४. एक काम, हजार हात

चित्रपटाचे एक चित्र तयार व्हायला काही तास लागले तरी चालते. प्रेक्षक ते नंतर पाहणार असतो. खेळात किंवा विमानचालनाच्या सरावयंत्रात तसे चालत नाही. तेथे चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात तयार व्हायला हवे. येथे वेगाचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर समांतर संगणनात आहे.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. चारशे माणसे पानावर बसली आहेत आणि वाढायला एकच माणूस आहे. तो कितीही चपळ असला, तरी शेवटच्या पानाला भात मिळेपर्यंत पहिल्या पानावरचे वरण निवून जाईल. याउलट चाळीस वाढपी असतील, तर प्रत्येकाने दहा पाने पाहिली की काम झाले. एका पानावर वाढण्यासाठी दुसऱ्या पानावर वाढून होण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून हे काम वाटून घेता येते. चित्रबिंदूंचेही तसेच आहे.

संगणकातील मुख्य प्रक्रियक हा एखाद्या कसलेल्या आचाऱ्यासारखा असतो. कोणतेही काम सांगा, एकामागून एक पायरी चढत तो ते वेगाने करील. चित्रप्रक्रियक म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर हा वाढप्यांच्या ताफ्यासारखा असतो. त्यात साधी गणिते करणारे अनेक लहान घटक एकाच वेळी राबतात. आजच्या मोठ्या चित्रप्रक्रियकांत त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. घटकांच्या गटाला एकच आज्ञा दिली जाते आणि प्रत्येक घटक ती आपापल्या आकड्यांवर राबवतो. शाळेच्या मैदानावरील कवायतीसारखेच हे आहे : आज्ञा एक, पाय शंभर. मात्र एकाच गटातील निम्म्यांनी उजवीकडे आणि निम्म्यांनी डावीकडे वळायचे असेल, तर आज्ञा दोनदा द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी उरलेले अर्धे नुसते उभे राहतात. म्हणून एकसारखी कामे मोठ्या संख्येने असतील, तेथेच ही रचना खुलते.

या युक्तीला मर्यादाही आहे. वाढपी चाळीस असले तरी भात शिजायचा तेवढा वेळ शिजणारच. चाळीस आचारी लावून एक पातेले चाळीसपट लवकर शिजत नाही. १९६७ साली जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने हा मुद्दा मांडला. एखाद्या कामाचा दहावा हिस्सा वाटून घेता येत नसेल, तर कितीही हात लावा, ते काम दहापटीहून अधिक लवकर होणार नाही. म्हणून समांतर संगणनात खरे कौशल्य हातांची संख्या वाढवण्यात नाही. कामातील कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे, हे ओळखण्यात ते आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) शेडर लिहिणारा किती बिंदूंचा विचार करतो? त्यामुळे कोणती सोय होते?
(आ) 'भात शिजायचा तेवढा वेळ शिजणारच' या दाखल्यातून कोणती मर्यादा सूचित होते?

५. बंद कुलूप उघडले

आरंभीच्या चित्रप्रक्रियकांत वेग होता, पण स्वातंत्र्य नव्हते. कोणती गणिते कोणत्या क्रमाने करायची, हे चकतीवर कायमचे कोरलेले असे. १९९९ साली जीफोर्स २५६ हा चित्रप्रक्रियक बाजारात आला, तोही मुख्यतः असाच होता. रेंडरमॅनने चित्रपटवाल्यांना दिलेली मोकळीक खेळ लिहिणाऱ्यांना मिळालेली नव्हती. ठरीव अर्जाचेच राज्य येथे पुन्हा चालू होते, फक्त कागदाऐवजी सिलिकॉनवर.

२००१ च्या सुमारास चित्र बदलू लागले. चित्रप्रक्रियकाच्या काही टप्प्यांवर वापरणाऱ्याची आज्ञावली चालवण्याची सोय झाली. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये हॅनराहन यांच्या गटाने अशा प्रक्रियकांसाठी छटालेखनाची एक भाषा सादर केली. त्या गटातील काही जण पुढे उद्योगात गेले आणि तेथील नव्या भाषांच्या घडणीत त्यांनी हातभार लावला. एका बिंदूपुरता विचार करण्याची शेडरची शिस्त आता प्रत्यक्ष यंत्राच्या रचनेत उतरली होती.

त्याबरोबर एक निराळाच विचार पुढे आला. हे यंत्र जर कोट्यवधी गुणाकार-बेरजा इतक्या वेगाने करते, तर त्याच्याकडून केवळ रंगच का ठरवून घ्यायचे? हवामानाचे, रेणूंचे, ध्वनीचे गणितही त्याच्यावर का करू नये? अनेक संशोधक तसा प्रयत्न करत होते. पण त्यासाठी त्यांना यंत्राला चक्क फसवावे लागे. आकड्यांचा तक्ता 'हे चित्र आहे' असे सांगून आत पाठवायचा, हवी ती बेरीज रंगांच्या मिश्रणाच्या रूपाने करवून घ्यायची आणि आलेल्या चित्रातील रंग वाचून उत्तर काढायचे. चित्रशास्त्र न जाणणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला किंवा अभियंत्याला हे कसे जमावे? यंत्रात सामर्थ्य होते, पण ते मागण्यासाठी शब्द नव्हते.

ते शब्द देण्याचे काम २००४ साली ब्रुक या भाषेने केले. स्टॅनफर्डमधील इयन बक हा हॅनराहन यांचा विद्यार्थी या कामाच्या अग्रभागी होता. ब्रुकमध्ये चित्राचा उल्लेख करण्याची गरज नव्हती. तिच्यात दोन मुख्य कल्पना होत्या. पहिली प्रवाह, म्हणजे एकाच जातीच्या असंख्य आकड्यांची रांग. दुसरी त्या रांगेतील प्रत्येक घटकावर स्वतंत्रपणे राबवायची लहानशी क्रिया. शेडरने एका बिंदूबद्दल जे म्हटले, तेच ब्रुकने कोणत्याही आकड्याबद्दल म्हटले : एकाचा विचार नीट करा, सर्वांवर तो राबवणे यंत्राकडे सोपवा.

या गटाने काही निवडक कामांसाठी ब्रुकमधील आज्ञावली तपासून पाहिल्या. काही ठिकाणी त्या मुख्य प्रक्रियकावरील आज्ञावलींच्या तुलनेत सातपटीपर्यंत वेगवान ठरल्या. मात्र हा लाभ सरसकट मिळत नाही, हेही संशोधकांनी तेवढ्याच स्पष्टपणे मांडले. आकडे चित्रप्रक्रियकाकडे नेण्यात आणि परत आणण्यात वेळ जातो. स्वयंपाकघर मांडवापासून लांब असेल आणि दर खेपेला एकच चमचा भात न्यायचा असेल, तर चाळीस वाढप्यांचा उपयोग काय? नेलेल्या प्रत्येक आकड्यावर भरपूर गणित करायचे असेल, तेव्हाच ही खेप परवडते. आपल्या साधनाची मर्यादा स्वतःच सांगणे, हा चांगल्या संशोधनाचा विशेष होय.

६. चित्रांच्या पलीकडे

ब्रुकचा प्रवास प्रयोगशाळेत थांबला नाही. २००६ साली प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचा अभ्यास करणाऱ्या, स्टॅनफर्डमधूनच चालणाऱ्या प्रकल्पाने घरोघरीच्या संगणकांतील चित्रप्रक्रियक ब्रुकच्या आधारे कामाला लावले. इयन बक एनव्हिडिया या कंपनीत गेले आणि तेथे कूडा ही प्रणाली आकाराला आली. २००६ मध्ये तिची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी ती वापरासाठी खुली झाली. आता चित्रप्रक्रियकाला 'हे चित्र आहे' असे खोटे सांगण्याची गरज उरली नाही.

२०१२ साली टोरांटो विद्यापीठातील तिघा संशोधकांनी चित्रातील वस्तू ओळखणारे एक कृत्रिम चेताजाळे तयार केले. त्यांनी त्याला सुमारे १२ लाख चित्रे दाखवून शिकवले आणि त्यासाठी खेळांकरिता विकले जाणारे केवळ दोन चित्रप्रक्रियक वापरले. शिकवणी पाच-सहा दिवस चालली. त्या वर्षीच्या स्पर्धेत या जाळ्याने इतरांना मोठ्या फरकाने मागे टाकले. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून आपण ओळखतो, तिच्या वाटचालीतील हे एक निर्णायक वळण मानले जाते. खेळण्यातील सैनिक नीट दिसावा म्हणून घडलेल्या विचारसरणीतून यंत्राला शिकवण्याचे साधन उभे राहिले.

त्रिमितीय संगणकीय चित्रांतील मूलभूत कार्यासाठी २०१९ सालचा ट्युरिंग पुरस्कार हॅनराहन आणि एड कॅटमल यांना विभागून देण्यात आला. संगणकशास्त्रातील हा सर्वोच्च सन्मान समजला जातो आणि त्याची रक्कम १० लाख डॉलर आहे.

समांतर संगणनाचा धागा आपल्याकडेही येऊन पोहोचतो. परदेशातून अतिवेगवान संगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तेथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच अवाढव्य प्रक्रियक मिळवण्यापेक्षा अनेक लहान प्रक्रियक जोडून काम वाटून द्यावे, हाच विचार त्यामागे होता. पुढे २०२० साली याच संस्थेने परम सिद्धी-एआय हा महासंगणक उभारला. त्याचे बळ मुख्यत्वे चित्रप्रक्रियकांत आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत तो ६३ व्या स्थानी होता.

७. सामर्थ्य आणि विवेक

सामर्थ्य वाढले, की प्रश्नही वाढतात. हजारो चित्रप्रक्रियक रात्रंदिवस चालवायला प्रचंड वीज लागते आणि ते थंड ठेवायला आणखी साधने खर्ची पडतात. ज्या तंत्राने पडद्यावरची त्वचा जिवंत भासू लागली, त्याच्या पुढच्या पिढ्यांनी न घडलेल्या प्रसंगाची चित्रेही खरी वाटावीत इतकी सफाई मिळवली आहे. डोळ्यांनी पाहिले म्हणजे ते घडलेच, असे आता म्हणता येत नाही. प्रकाशाचे गणित यंत्राला शिकवता आले. खऱ्याखोट्याचा विवेक मात्र आपल्यालाच जागा ठेवावा लागेल.

हॅनराहन यांच्या कामाकडे मागे वळून पाहिले, तर त्यात एक सूत्र दिसते. प्रथम छटांसाठी, मग चित्रप्रक्रियकासाठी आणि शेवटी कोणत्याही गणितासाठी, प्रत्येक वेळी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी भाषा घडवली. यंत्र बनवणाऱ्याने जे आधीच ठरवून ठेवले, तेवढ्यापुरते वापरणाऱ्याने थांबू नये, ही त्यामागची दृष्टी होती. आकड्यांचा रकाना भरणारा माणूस दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. भाषा हाती आलेला माणूस स्वतःचा प्रश्न विचारू शकतो. हे यंत्राच्या भाषेला जितके लागू आहे, तितकेच आपण शिकत असलेल्या भाषेलाही आहे.

शब्दार्थ

प्रक्रियक – संगणकात गणिते करणारा भाग, प्रोसेसर
चित्रबिंदू – पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान ठिपका, पिक्सेल
समांतर संगणन – एका कामाचे भाग करून ते एकाच वेळी अनेक प्रक्रियकांकडून करवून घेणे
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांची क्रमवार मांडणी
जीवभौतिकी – सजीवांतील घडामोडींचा भौतिकशास्त्राच्या आधारे अभ्यास
कृत्रिम चेताजाळे – मेंदूतील चेतापेशींच्या जोडणीवरून सुचलेली गणिती रचना
विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी

भाषाभ्यास

(१) 'समांतर' हा शब्द सम + अंतर असा झाला आहे. येथे अ + अ = आ हा स्वरसंधी आहे.
(२) 'चित्रबिंदू' म्हणजे चित्रातील बिंदू आणि 'प्रकाशकिरण' म्हणजे प्रकाशाचा किरण. विग्रह करताना विभक्तीचा प्रत्यय घालावा लागतो, म्हणून हे तत्पुरुष समास आहेत.
(३) 'पिक्सेल', 'शेडर' हे शब्द परभाषेतून आले असले, तरी वाक्यात ते मराठीचे प्रत्यय घेतात : शेडरने, पिक्सेलचा. शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणत्या भाषेच्या नियमाने चालतो, हे महत्त्वाचे.

तुम्ही काय शिकलात?

• पडद्यावरील चित्र असंख्य चित्रबिंदूंचे असते आणि प्रत्येकाचा रंग गणिताने ठरतो.
• रेंडरमॅनच्या छटाभाषेमुळे कलावंताला ठरीव सूत्रांच्या पलीकडे जाता आले.
• परस्परांवर अवलंबून नसलेली कामे समांतर करता येतात. अवलंबून असलेला भाग वेगाला मर्यादा घालतो.
• ब्रुकसारख्या भाषेमुळे चित्रप्रक्रियक इतर शास्त्रांच्या उपयोगी पडू लागला.
• नव्या सामर्थ्याबरोबर विजेच्या वापराचे आणि सत्यासत्याचे नवे प्रश्न निर्माण झाले.

पाठान्त प्रश्न

१. रेंडरमॅनपूर्वीच्या चित्रप्रणालींना लेखकाने 'ठरीव नमुन्याचा अर्ज' का म्हटले आहे?
२. पंगतीच्या दाखल्याच्या आधारे समांतर संगणनाचे लाभ आणि मर्यादा स्पष्ट करा.
३. ब्रुक भाषेपूर्वी शास्त्रज्ञांना चित्रप्रक्रियक वापरताना कोणती अडचण येत होती? ती कशी दूर झाली?
४. 'डोळ्यांनी पाहिले म्हणजे ते घडलेच, असे आता म्हणता येत नाही.' या विधानाविषयी तुमचे मत दहा-बारा ओळींत लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणचे एखादे काम निवडा. त्यातील कोणते भाग एकाच वेळी अनेकांना करता येतील आणि कोणते क्रमानेच करावे लागतील, ते लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दोन्ही ठिपक्यांची बनलेली असतात. (आ) जीवभौतिकी.
२. (अ) एकाच बिंदूचा. त्यामुळे तीच सूचना लाखो बिंदूंवर स्वतंत्रपणे राबवता येते. (आ) कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो.